बारा सेकंदांचं दार

४ जून

प्रिय मामा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मध्येच तुझ्या बातम्यांची वेळ होते. शिवाय सोबत सहा नकाशे आहेत. मोबाइलवर नकाशे बघायला लावले की तू माझा उद्धार करतोस, म्हणून हे जाडजूड पाकीट. चष्मा शोध, टेबल रिकामं कर, आणि कृपा करून चहाचा कप नकाशावर ठेवू नकोस.

तर मामा, घरबांधणी मंडळाचं काम मला मिळालं! कमी पगाराच्या लोकांसाठी चौसष्ट घरं, तळमजला आणि वर चार मजले. घरं दोन-दोन खोल्यांची, सोडतीत लागलेली. तळमजल्यावर सायकली, कपडे धुवायची जागा, दवाखान्याची एक खोली आणि मुलांना धुडगूस घालायला लांबलचक पडवी. पण खरी गंमत जिन्यात आहे. पहिला नकाशा उघड. दारातून आत पाऊल टाकलं की समोर जिना! आठ फूट रुंद, पायरी फक्त सहा इंच उंच. दर आठ पायऱ्यांनंतर एक कट्टा आणि कट्ट्यामागे उंचच्या उंच खिडकी. माणसाला वाटलं पाहिजे, चढावं बुवा.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मी बांधलेल्या इमारतीत मागच्या महिन्यात गेले होते. पहिल्या मजल्यावर राहणारा चांगला धट्टाकट्टा माणूस लिफ्टची वाट बघत चार मिनिटं उभा! चूक माझीच. तिथला जिना मीच कोपऱ्यात, अंधारात ढकलला होता. तिथली आरोग्यसेविका म्हणाली, "चाळिशीपुढच्या दर दुसऱ्या बाईला साखर नाहीतर गुडघे. गोळ्या मी देते, पण यांना चालवणार कोण?" मी म्हटलं, मी चालवते.

म्हणून या वेळी जिना समोर आणि लिफ्ट पार मागे, कचऱ्याच्या खोलीच्या पलीकडे. शोधेल त्यालाच सापडेल!

२० ऑगस्टला मंजुरीची बैठक. मंडळाचे मुख्य इंजिनियर खिशात टेप घेऊन फिरतात आणि येता-जाता म्हणतात, "बाई, जिना निम्मा करा, उरलेल्या जागेत मंडळाचं ऑफिस बसवू." मी हटणार नाही. एकदा शिक्का बसला की पुढे वीटही हलत नाही, म्हणून आत्ताच सगळं पक्कं हवं.

तुझं काम एवढंच, की लिफ्टच्या खड्ड्याची मापं बरोबर आहेत का ते सांग. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यास, तुला झोपेतही जमेल.

मामी कशी आहे? आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तू रोज चालतोस ना?

तुझी फुटपट्टी


१३ जून

चि. फुटपट्टीस,

पाकीट मिळालं. चहाचा कप ठेवलाच होता, पण तिसऱ्या नकाशावर, जिथे नुसती गटारं आहेत. चौथ्या वर्षी माझ्या मिशा मोजून "दीड इंच" असं जाहीर करणारी पोरगी आज चौसष्ट घरं मोजते आहे, हे बघून छाती फुगली. शर्टाचं बटण त्यामुळेच तुटलं, मामी काहीही म्हणो.

खड्ड्याचं माप बरोबर आहे. वरच्या मशीनच्या खोलीचं दार मात्र आणखी सहा इंचांनी रुंद कर. मोटर आत न्यायची असते हे नकाशा काढणारे सगळे विसरतात आणि मग भिंत फोडायला आम्हाला बोलावतात.

जिना झकास. मी आयुष्यभर जिन्याचा दुश्मन, तरी म्हणतो, झकास. लिफ्टवाल्याने जिना चढणं म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याकडे दाढी करणं. तरीही तुझ्या जिन्यावर एकदा पाय टाकून बघावासा वाटला.

पण लिफ्ट मागे नेलीस ते मला पटलं नाही. मी पट्टी लावून मोजलं. पुढच्या दारापासून लिफ्टपर्यंत एकसष्ट पावलं होतात, वाटेत कचऱ्याची खोली. धडधाकट माणूस जिन्याने जाईल हे ठीक. पण ज्याला लिफ्ट लागतेच, त्याने काय गुन्हा केलाय? त्याला तू मागल्या दाराने पाठवते आहेस, बाई. विचार कर.

मामी ठणठणीत आहे. रोज खाली जाऊन चक्कर मारून येते. मीही भरपूर चालतो.

मामा


२२ जून

मामा,

मशीनच्या खोलीचं दार रुंद केलं. बाकी तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

लिफ्ट समोर आली की जिना मेला, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माणसाला समोर बटण दिसलं की बोट आपोआप पुढे जातं. रात्र-रात्र डोकं खपवून मी हा जिना उभा केला आणि तू म्हणतोस, लिफ्ट पुढे आण! चाळीस वर्षं लिफ्टचं मीठ खाल्लंस, तू तिचीच बाजू घेणार. ज्यांना खरंच गरज आहे ते मागून जातील, एकसष्ट पावलांनी कोणी मरत नाही. उलट तेवढाच व्यायाम.

रागावू नकोस. साइटवर मी जिन्याचा एक पूर्ण टप्पा विटांनी बांधून घेतलाय, कट्ट्यासकट, खऱ्या मापाचा. मामीला घेऊन ये आणि चढून बघ. मग बोलू.

फुटपट्टी


३० जून

चि. फुटपट्टीस,

मीठ खाल्लं हे खरं.

जिना बघायला यायला जमणार नाही. इथे बरीच कामं आहेत. मामीलाही सवड नाही, आत्ताच भाजी आणायला खाली गेली आहे.

नकाशा तुझा, इमारत तुझी. मी माप सांगितलं, माझं काम संपलं.

मामा


६ जुलै

माझ्या गुणी पोरी,

हे पत्र तुझ्या मामांच्या नकळत लिहिते आहे. हे आंघोळीला गेले की दोन ओळी, दुपारी घोरायला लागले की चार ओळी, असा आज तिसरा दिवस. अक्षर वाकडं आलंय, कारण उजवं मनगट अजून नीट वळत नाही.

मनगटाला काय झालं, म्हणशील. तेच सांगायला बसले आहे. आमच्या इमारतीतल्या तरुण मंडळींची तक्रार होती, की लिफ्टचं दार फार वेळ उघडं राहतं, कामावर जायला उशीर होतो. हे निवृत्त झाले तरी हात शिवशिवतातच. चौकीदाराकडून किल्ली घेतली आणि दाराचा वेळ दहा सेकंदांवरून तीनवर आणला. काय ती वाहवा झाली! चार दिवसांनी मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत शिरत होते. दार खांद्यावर आदळलं आणि मी पडले. मनगट मोडलं. दाराच्या कडेचा सेन्सरही म्हातारा झालेला, माझ्यासारखाच.

त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून मी खाली उतरलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने गुडघे साथ देत नाहीत आणि लिफ्टचं दार नुसतं बघितलं तरी छातीत धडधडतं. यांनी दार परत पूर्वीसारखं करायला दुसऱ्याला बोलावलं. स्वतः त्यानंतर कुठल्याही लिफ्टच्या पेटीला हात लावलेला नाही. मी रोज चक्कर मारते, असं तुला लिहितात ते मला वाचून दाखवत नाहीत. पण पाकीट चिकटवायचं काम माझं आहे, त्यामुळे मी सगळं वाचते.

आणि हेही भाजी आणण्यापलीकडे खाली उतरत नाहीत. माझ्या सोबतीला म्हणे! डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. हे खुर्चीपासून गॅलरीपर्यंत चालतात आणि दमले म्हणून परत बसतात. साखर वाढली आहे.

आता शेवटचं, आणि यासाठी मला शपथ घातली आहे, ती मोडते. गेल्या वर्षीच्या सोडतीत आम्हाला तुझ्याच इमारतीत घर लागलंय. तिसरा मजला, ३०७. तुला सांगायचं नाही, कारण उद्या कोणी म्हणायला नको की आर्किटेक्टबाईने मामासाठी नकाशा बदलला. तुझं पाकीट आलं त्या दिवशी यांनी पहिला नकाशा तासभर बघितला. पुढच्या दारापासून लिफ्टपर्यंत बोटाने रेघ ओढत राहिले, मग उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. "मीठ खाल्लंस" हे तुझं वाक्य त्यांना फार लागलं. तुला माहीत नव्हतं, तुझा दोष नाही.

मी तक्रार करत नाही गं. तुझा जिना सुंदरच आहे. फक्त त्या कट्ट्यावर बसायला मी येणार कशी, ते मला कळेना.

शेजारीण खाली जाते आहे, तिच्याकडे पत्र देते.

तुझी मामी


११ जुलै

प्रिय मामा आणि मामी,

दोघांना मिळून लिहिते, कारण आता लपवाछपवी पुरे. मामा, मामीवर ओरडू नकोस. ओरडलास तर मी तिथे येऊन तुझ्या मिशा पुन्हा मोजीन.

पत्र वाचलं आणि मी तशीच साइटवर गेले. इमारतीचा आराखडा जमिनीवर फक्कीने आखलेला आहे. दोन्ही हातांत चार-चार किलोच्या पिशव्या घेतल्या, उजव्या गुडघ्याला पंचा करकचून बांधला आणि पुढच्या दारापासून लिफ्टपर्यंत चालले. एकसष्ट पावलं. विसाव्या पावलाला हात भरून आले. चाळिसाव्याला, जिथे कचऱ्याची खोली येणार तिथे, मी पिशव्या खाली ठेवल्या आणि रडले. सगळे मजूर बघत होते, बघू देत. मामा, तुझं बरोबर होतं आणि मी तुला नको ते बोलले. माझं चुकलं. मामी, आठ महिने तू घरात बसून होतीस आणि मी दर वेळी नुसतं "मामी कशी आहे" एवढं विचारून मोकळी होत होते, याचीही लाज वाटते.

लिफ्ट पुढे येणार, हे ठरलं. मी सरळ मुख्य इंजिनियरसाहेबांकडे गेले आणि आधी सांगून टाकलं, माझे मामा-मामी ३०७ मध्ये आहेत. ते म्हणाले, "सोडतीत लागलं ना? मग मला का सांगता? पण लिफ्ट पुढे आणायची तर जिना निम्मा करा. समोर लिफ्ट असताना कोण चढतो हो? मी दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि रोज लिफ्टने जातो."

मामा, इथे मी अडकले आहे. मामीला पुढच्या दाराने, मानाने वर नेणारी लिफ्ट हवी. आणि बाकीच्यांनी तिच्याकडे ढुंकूनही न बघता जिना चढायला हवा, नाहीतर चौसष्ट घरांत पुन्हा तेच गुडघे आणि तीच साखर. दोन्ही एका दारात कसं बसवू? बैठकीला चाळीस दिवस उरलेत. लिफ्टमधली माणसं तुझ्याइतकी कोणी बघितली नाहीत. काहीतरी सुचव.

तुझी आणि तुझीही,
फुटपट्टी


१९ जुलै

चि. फुटपट्टीस,

मामीवर ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तिने सरळ तुझं पत्र हातात ठेवलं. मग काय ओरडणार? आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्ही त्या दाराबद्दल बोललो. ती म्हणाली, "मनगट दारामुळे मोडलं. पण तुम्ही गप्प बसलात, त्याने जास्त दुखलं." माझ्या हातून ते झालं, चार लोकांच्या शाबासकीसाठी झालं, आणि तिच्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. आता लिहून टाकलं, बरं वाटलं.

आता तुझं कोडं. उत्तर माझ्याकडे वीस वर्षांपासून पडून आहे, फक्त ते चूक म्हणून पडलेलं होतं.

एका पाच मजली ऑफिसात लोखंडी कपाटं वर चढवायची होती, म्हणून मी दाराचा वेळ चारवरून बारा सेकंदांवर नेला. काम झालं आणि वेळ परत कमी करायला साफ विसरलो! तीन आठवड्यांनी आठवलं. वाटलं, तक्रारींचा ढीग पडला असेल, नोकरी गेली. पळत गेलो, तर एकही तक्रार नाही. लिफ्ट रिकामी, आणि शेजारच्या जिन्यावर ही वर्दळ!

बराच वेळ तिथे उभा राहून बघितलं. धडधाकट माणूस आत शिरतो, बटण दाबतो. दार उघडंच. पुन्हा दाबतो. घड्याळ बघतो. बारा सेकंद म्हणजे काही युग नाही, पण उघड्या दारासमोर नुसतं उभं राहणं माणसाला सोसत नाही. "छे!" म्हणतो आणि बाहेर पडून जिन्याला लागतो. दोन मजले चढून होतात तरी त्याची चिडचिड चालूच असते. आणि तिथे कुबड्या घेतलेला एक कारकून होता, त्याने माझा हात धरला. म्हणाला, "मिस्त्री, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला या दारात घाई करावी लागली नाही." मी मान डोलावली आणि त्याच दुपारी वेळ परत चारवर आणला. नियम तसा होता. त्या माणसाचं तोंड मला अजून आठवतं.

तेव्हा लिफ्ट पुढे आण, अगदी जिन्याच्या शेजारी. दार बारा सेकंद उघडं राहू दे आणि सावकाश मिटू दे. सेन्सर चांगला घाल. दार मिटायचं बटण काढूनच टाक. ज्याला वेळ लागतो त्याला वेळ मिळेल, ज्याला घाई आहे तो जिन्याने पळेल. पण जिना तिथेच, डोळ्यांसमोर, उजेडात हवा, तुझ्यासारखा. कोपऱ्यातला असेल तर माणूस नुसता शिव्या देत उभा राहतो, हेही मी बघितलंय. म्हणजे जिना निम्मा करून चालणार नाही, हे साहेबांना सांग.

ते पटकन मानणार नाहीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांच्या ऑफिसात लिफ्ट जिन्याच्या शेजारीच आहे, असं तू मागे बोलली होतीस. त्याच लिफ्टवर आठवडाभर करून दाखवू. परवानगी काढ, मी येतो.

मामीला विचारलं, आठवडाभर एकटी राहशील का? ती म्हणाली, "एकटी का राहू? मी पण येणार. पण त्या साहेबांची लिफ्ट नंतर. आधी माझी करा."

मामा


२४ जुलै

मामा,

परवानगी मिळाली! साहेब खूप हसले. म्हणाले, "करा काय करायचं ते, माझी सवय मोडणारं दार अजून जन्माला यायचंय." आम्ही या आठवड्यात आधीची मोजणी करतोय, कोण लिफ्टने जातं आणि कोण जिन्याने. ५ ऑगस्टपासून दार तुझं.

मामी, तुझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग लावून ठेवलाय. पण तू खाली कशी उतरणार, याचीच मला धास्ती लागली आहे. कळव.

फुटपट्टी


१ ऑगस्ट

चि. फुटपट्टीस,

धास्ती सोड. ऐक.

लिफ्टच्या कंपनीच्या माणसाला बोलावून नवा सेन्सर बसवला. दाराचा वेळ मात्र मी स्वतः लावला. पेटी उघडण्याआधी किल्ली दोनदा खिशात परत ठेवली, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बारा सेकंद. मग मध्ये माझाच हात घालून वीसदा दार मिटवून बघितलं. चौकीदाराला वाटलं, म्हातारा भ्रमला.

मामीला तिसऱ्या मजल्यावर दारापाशी आणलं. दार उघडलं. ती हलली नाही. मी मोठ्याने मोजत होतो, एक, दोन, तीन... दार मिटलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही मोजू नका हो. मोजलं की घाई होते." मी मोजणं थांबवलं. पाचव्यांदा दार उघडलं, तिने एक पाय आत ठेवला, थांबली, माझ्याकडे बघितलं, दुसरा पाय ठेवला. आत जाऊन नीट वळून उभी राहिली तरी दार उघडंच होतं. ती म्हणाली, "एवढा वेळ असतो होय?"

खाली उतरल्यावर ती फाटकापर्यंत गेली, रस्ता ओलांडला आणि भाजीवाल्याशी भांडली. आठ महिने तू माझ्या नवऱ्याच्या गळ्यात शिळ्या भाज्या मारल्यास, असं त्याला ऐकवलं. मी मागे उभा राहून रडत होतो. फुटपट्टी, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तरुण मंडळी कुरकुर करत आहेत. मी सांगितलं, जिना तिकडे आहे.

४ तारखेला सकाळी पोचतो. साहेबांना म्हणावं, तयार राहा.

मामा


२३ ऑगस्ट

प्रिय मामा-मामी,

बैठकीआधीच तुम्ही परत गेलात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी आकडे. नेहमीच्या आठवड्यात वर जाणाऱ्या शंभरातली अठरा माणसं जिन्याने जायची. मामा, तुझ्या आठवड्यात त्रेपन्न! बैठकीत मी हे वाचून दाखवलं, तर एक सदस्य म्हणाले, लोक वैतागले असतील. तेव्हा टिपणं घ्यायला बसलेल्या टंकलेखन विभागातल्या बाई काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, "आम्ही नाही वैतागलो. त्या मिस्त्रींना म्हणावं, दार आता असंच ठेवा."

मग सगळे इंजिनियरसाहेबांकडे बघायला लागले. तिसऱ्या दिवसापासून ते जिन्याने जात होते, हे सगळ्या ऑफिसने पाहिलं होतं. विचारलं की म्हणायचे, "लिफ्ट बिघडली आहे." ते खिशातली टेप काढून उगाच उघडमीट करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "जिना ठेवा. पण आठ फूट नाही, लिफ्ट पुढे आणायची तर सहा." मी दोन मिनिटं भांडले, मग मानलं. गेलेल्या दोन फुटांचं मला दोन दिवस फार वाईट वाटलं. मग त्या दोन फुटांत मामीची लिफ्ट बसली आहे हे आठवलं आणि ते संपलं.

खिडक्या राहिल्या, कट्टे राहिले, पायरी सहा इंचांचीच. मंडळाचं ऑफिस दुसरीकडे. शिक्का बसला!

आणि मामी, तू त्या विटांच्या जिन्यावर तीन पायऱ्या चढून म्हणालीस ना, की कठडा हाताला जाड लागतो? कठडा बारीक केला आहे. मामाने मात्र "मी खालूनच बघतो, छान आहे" म्हणून पाय टाकायचं टाळलं. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! माझं लक्ष होतं बरं.

तुमची फुटपट्टी


९ मार्च
घर क्रमांक ३०७

माझ्या गुणी पोरी,

दीड वर्ष बघता बघता गेलं. तू परगावी नव्या कामाला लागलीस आणि आमचं राहायला येणं तुला बघता आलं नाही, म्हणून लिहिते. फोनवर हे सांगता येणार नाही, कारण हे शेजारीच बसलेले असतात.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी आम्ही पुढच्या दाराने आत आलो. समोर तुझा जिना, खिडकीतून उजेड थेट खालपर्यंत, आणि अगदी शेजारी लिफ्ट. दार उघडलं. मी सावकाश आत गेले, पिशवी नीट ठेवली, वळले. हेही आत आले आणि तीनचं बटण दाबलं. दार उघडंच. पुन्हा दाबलं. मग दार मिटायचं बटण शोधायला लागले, ते तर त्यांनीच काढायला लावलेलं! घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "कोणत्या गाढवाने वेळ लावलाय याचा?" आदल्याच आठवड्यात तुझ्या कंत्राटदाराच्या माणसाबरोबर येऊन यांनीच स्वतःच्या हाताने लावला होता. "छे!" म्हणाले आणि बाहेर पडून जिन्याला लागले.

मी वर येऊन दारात उभी राहिले. हे पोचले धापा टाकत, प्रत्येक कट्ट्यावर बसत, घामाने भिजलेले. मला म्हणतात कसे, "जिन्याने लवकर होतं." मी तिथे केव्हापासून उभी होते ते त्यांना दिसलंच नाही.

तेव्हापासून रोज तेच चाललंय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा लिफ्टमध्ये शिरतात, चिडतात आणि जिन्याने येतात. आता कट्ट्यावर फक्त एकदा बसतात, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त टपालवाल्याशी वाद घालायला. खालच्या दवाखान्यातल्या बाईंनी परवा साखर तपासली. खूप उतरली आहे, एक गोळी बंद केली. हे म्हणाले, औषध चांगलं होतं.

माझंही सांगते. गेल्या मंगळवारी मी लिफ्टसमोर उभी होते, दार उघडलं, आणि मला वाटलं, आज बघू तरी. पिशवी लिफ्टने वर पाठवली आणि बारीक कठडा धरून आठ पायऱ्या चढले. पहिल्या कट्ट्यावर बसले. खिडकीतून खालची पडवी दिसते, तिथे मुलं पळत होती. मी बराच वेळ बसले, मग उतरून लिफ्टने वर गेले. काल सोळा झाल्या. यांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं की मोजायला लागतील.

आत्ता खालून आलेत, दारात उभे आहेत आणि ओरडतायत, "फुटपट्टीला लिहिते आहेस ना? मग लिही, दाराचा वेळ दोन सेकंद कमी करायला सांग म्हणावं, माणसाचा जीव जातो!" लिहिलं, असं मी त्यांना सांगते आहे. तू मात्र अजिबात करू नकोस.

तुझी मामी